रुग्णाची गोपनीयता आणि आणीबाणी: पार्श्वभूमी

तातडीच्या वेळी रुग्णाची खासगी माहिती किती उघड करावी, हा प्रश्न पुण्याला १८९७ च्या प्लेगपासून ठाऊक आहे. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला आणि प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड याचे सोजीर माजघरापर्यंत शिरून रोगी शोधू लागले. काखेत-जांघेत गाठ आहे का, हे चारचौघांत पाहिले जाई. साथ खरी होती, पण अब्रू जाते म्हटल्यावर लोक आजारी माणसालाच लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या.

पुढे नियम आले ते तुकड्यातुकड्याने. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जखमीवर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केसपेपर मागण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने तो ७२ तासांत द्यायला सांगितले. अपघात विभागात मात्र हिशेब मिनिटांचा असतो! त्याच संहितेत गुपित उघड करायला तीन अपवाद आहेत: न्यायालयाचा आदेश, इतरांना असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग. बेशुद्ध रुग्णाचा स्वतःचा जीव त्या यादीत नाही.

२०१७ मध्ये गोपनीयता मूलभूत हक्क ठरली. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले, आणि घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. प्लेगच्या आठवणी असलेल्या शहरात हे पुन्हा व्हावे, याचे वाईट वाटते.

२०२१ पासून देशभर ‘आभा’ क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा ओळखक्रमांक, आला. त्यात नोंदी रुग्णाच्या संमतीने उघडतात आणि ती संमती त्याने मोबाइलवर द्यायची असते. नवले पुलाजवळच्या अपघातातून बेशुद्ध आणलेला माणूस ती कशी देणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही अडचण ओळखली: जीवावर बेतले असेल तर संमतीशिवाय माहिती वापरता येते. पण किती माहिती, हे त्या कलमात नाही.

माझ्या मते खरा पेच इथेच आहे. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तातडीने हवे असते ते एवढेच: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, इन्सुलिन घेतो का, फिट येतात का, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. रक्तगट तर ते स्वतःच तपासतात. जुना गर्भपात किंवा मानसोपचारांची फाइल अशा वेळी सहसा लागत नाही. त्या चार ओळी वेगळ्या ठेवाव्यात, आणि त्या कोणी उघडल्या याची नोंद शुद्धीवर आल्यावर रुग्णाला दिसावी.