सोनामुखीचं खरं औषध आपल्या आतड्यातले बॅक्टेरिया बनवतात

माझी आत्या ८४ वर्षांची आहे, दोन वर्षं झाली वृद्धाश्रमात राहते. मागच्या महिन्यात भेटायला गेले तर उशाशी पोट साफ करायच्या चूर्णाचा डबा, त्यावर ठळक अक्षरात 'साइड इफेक्ट नाहीत', आणि मागे अगदी बारीक अक्षरात घटक: सोनामुखी, हिरडा, सैंधव वगैरे. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, इथं बहुतेक सगळ्यांनाच लागतं हे. झाडपाल्याचंच आहे, त्याने काय होतंय?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय की सोनामुखी पोटात नेमकं काय करते ते एकदा नीट लिहायचं.

आधी एवढं सांगते की म्हातारपणी पोट साफ न होणं म्हणजे नुसतं वय नाही. दिवसभर पडून किंवा बसून राहणं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही बीपीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रात्री संडासला उठवायला कुणाला हाक मारायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणं. आत्याही हेच करत होती, मी विचारल्यावर कळलं.

आता सोनामुखी. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या भागात हिची मोठी शेती होते, युनानी हकीम हिला सना मक्की म्हणतात. पानात आणि शेंगेत सेनोसाइड नावाचे रेणू असतात आणि गंमत अशी की ते स्वतः जवळजवळ काहीच करत नाहीत. रेणूच्या दोन बाजूंना साखरेचे दोन तुकडे चिकटलेले असतात, त्यामुळे तो लहान आतड्यात शोषलाच जात नाही, सीलबंद पाकिटासारखा तसाच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले बॅक्टेरिया आपल्या एन्झाइमने ती साखर कापतात, मग उरलेला जोड-रेणू मधोमध तोडतात आणि तयार होतं र्‍हाइन अँथ्रोन, हे खरं औषध! म्हणजे निम्मा कारखाना झाडात आणि निम्मा आपल्या पोटात. म्हणूनच रात्री घेतलं की सकाळी काम होतं, साधारण ६ ते १२ तास लागतात, आणि म्हणूनच अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर तोच डोस कमी लागू पडू शकतो, कारण कामगारच मेलेले असतात.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पाणी येतं आणि बाहेर पडतं जेमतेम १०० ते २०० मिली, बाकी सगळं शरीर परत ओढून घेतं. हे ओढायला पेशींच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिन नावाचे पाण्याचे नळ असतात (यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं). उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की र्‍हाइन अँथ्रोनमुळे आतड्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात आणि त्याने अ‍ॅक्वापोरिन-३ हे नळ कमी होतात, मग पाणी आतच राहतं आणि मळ मऊ होतो. शिवाय आतड्याच्या भिंतीला ढकलण्याची चालना मिळते ती वेगळीच.

वृद्धांवर याचा अभ्यासही झालाय. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये दीर्घकाळ रुग्णालयात किंवा नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या ७७ वृद्धांना आळीपाळीने लॅक्टुलोज या दुसऱ्या रेचकाचं सिरप आणि सोनामुखी-इसबगोलचं मिश्रण दिलं. मिश्रणावर दिवसाला सरासरी ०.८ वेळा पोट साफ झालं, लॅक्टुलोजवर ०.६ वेळा, आणि खर्चही मिश्रणाचा बराच कमी आला. म्हणजे झाडपाला काम करतो, चांगलं करतो. पण जे काम करतं ते औषध असतं, आणि औषधाला डोस असतो, 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' ही नुसती अंधश्रद्धा आहे. जास्त झालं की जुलाब, मग पोटॅशियम घसरतं, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ठोक्यांची लय बिघडू शकते. उलट 'सोनामुखीने आतडं कायमचं निकामी होतं' ही भीतीही लोक पसरवतात, त्याला ठरलेल्या डोसमध्ये भक्कम पुरावा नाही.

इसबगोल मात्र पाण्यावाचून घेऊ नका. मी घरी वाटीत एक चमचा भुसा टाकून त्यावर थोडंसंच पाणी ओतलं, काही मिनिटांत चमच्याला लोंबणारा चिकट गोळा झाला. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या घशात हाच गोळा अडकू शकतो, अशांना तो देऊच नये.

आणखी एक गोष्ट सांभाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कधीकधी आत मळाचा कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ गळून डायपर खराब होतो, सगळ्यांना वाटतं जुलाब लागलेत म्हणून ते थांबवायच्या गोळ्या देतात आणि खडा अजून घट्ट बसतो. अशा वेळी डॉक्टरने तपासायलाच हवं, चूर्णाचा चमचा वाढवूनही उपयोग नाही.

आत्याच्या डॉक्टरांना डबा दाखवला. त्यांनी चूर्ण बंद करून मोजून सोनामुखीची गोळी दिली, लोहाची गोळी बदलली. आणि सकाळच्या चहानंतर दहा मिनिटं पायाखाली छोटं स्टूल ठेवून कमोडवर बसवायला सांगितलं, कारण पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. मावशींनी दारावर पडदा लावून दिलाय, आत्या म्हणते त्याचाच जास्त फरक पडला.