हॅन्डबिल्ट सिरॅमिक्स

चाक न वापरता, नुसत्या हातांनी आणि दोनचार साध्या अवजारांनी घडवून भट्टीत भाजलेलं मातीकाम म्हणजे हॅन्डबिल्ट सिरॅमिक्स. चाक फार उशिरा आलं, त्याआधी हजारो वर्षं भांडी अशीच घडत होती, जपानमधली प्राचीन जोमोन भांडी वळ्या रचूनच केलेली आहेत. नवख्या विद्यार्थ्यांना आधी हेच शिकवावं, कारण चाकावर माती सेंटरला, म्हणजे बरोबर मधोमध, आणण्यातच सुरुवातीचे कित्येक तास जातात, इथे पहिल्याच दिवशी काहीतरी आकाराला येतं.

घडवण्याच्या मुख्य पद्धती तीन: पिंचमध्ये गोळ्यात अंगठा खुपसून, गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत पातळ करतात, कॉइलमध्ये वळ्या एकावर एक चढवतात, स्लॅबमध्ये माती लाटून तुकडे कापून जोडतात. खरी मेख जोडात आहे. दोन्ही कडांवर सुईने आडवेउभे ओरखडे काढायचे, मध्ये स्लिप म्हणजे पातळ कालवलेली माती लावायची आणि दाबून बसवायचं, पण दोन्ही तुकडे सारखेच ओलसर हवेत, कपाचं अंग वाळलेलं आणि कान ओला असेल तर कान जास्त आकसतो आणि जोडाशी तडकतो.

भट्टीत वस्तू फुटली की सगळे हवेच्या बुडबुड्यावर खापर फोडतात, पण दोष बहुतेक वेळा आत राहिलेल्या पाण्याचा असतो. त्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की फुटलंच. म्हणून जाड काम आतून पोकळ करायचं, सावकाश वाळवायचं, गालाला लावून गार लागलं तर अजून थांबायचं. पहिली भाजणी, बिस्क, साधारण १००० अंश सेल्सिअसला होते, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा होणारा लेप लावून दुसरी, स्टोनवेअरसाठी, म्हणजे दगडासारख्या घट्ट भांड्यांसाठी, ती १२०० च्या वर जाते.

आजची क्ले आर्ट भांड्यापुरती राहिलेली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत पीटर वूल्कोसने चाकावरचीच भांडी कापून, ठोकून, एकमेकांवर रचून शिल्पं केली. केनियात जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो मात्र हाताने उभारलेल्या भांड्यांना घोटून घोटून झळाळी आणतात, ग्लेझ नाहीच. चिनी कलाकार आय वेवेने २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात पोर्सेलिनच्या (चिनी मातीच्या) सुमारे १० कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या, सगळ्या हाताने रंगवलेल्या. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती, पण धूळ उडायला लागली आणि काही दिवसांतच वरून चालणं बंद केलं. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे स्टुडिओतही सुकी माती झाडूने झाडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतात.