वय आणि लक्ष (म्हातारपणी मनाचा ताबा)

वय वाढलं की लक्ष एका जागी धरणं, नको ते बाजूला सारणं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं, या सगळ्यात फरक पडतो. गावात याला सरसकट 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतात, पण ती म्हण अर्धीच खरी आहे. वावरात कपाशीचं पान पाहून रोग ओळखणारा बुढा बँकेच्या काउंटरवर गडबडतो, कारण तिथं मागून गर्दीचा कलकलाट, समोरचा साहेब एका दमात आधार द्या, इथं सही करा, ओटीपी सांगा म्हणतो आणि हा "हळू सांगा ना जी" म्हणेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. अक्कल जागेवरच असते, वर्षानुवर्षं जमवलेलं ज्ञान बराच काळ टिकते.

लक्षावर ताबा ठेवणारा कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, वयानं बाकी बऱ्याच भागांपेक्षा जास्त आकसतो, डोपामिन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायनही कमी होते. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडलं की मनाच्या दारावरचा राखणदारच ढिला पडतो, फालतू गोष्टी आत शिरतात. टिमथी सॉल्टहाउस यांचं १९९६ चं म्हणणं वेगळं, मेंदूची गतीच मंदावते आणि बाकी सगळं त्यातून येतं. मला दोन्हीत तथ्य वाटते. स्ट्रूप चाचणीत (१९३५) हिरव्या शाईत 'लाल' लिहिलेलं असते आणि शाईचा रंग सांगायचा, तिथं म्हाताऱ्यांना जास्त वेळ लागतो.

दोन कामं एकदम आली की खरी पंचाईत. स्वीडनमधल्या १९९७ च्या एका अभ्यासात जे म्हातारे बोलता बोलता चालायचे थांबत, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले, म्हणून आबाजी धुऱ्यावरून चालत असले तर मागून हाका मारू नका. उलट एकाच कामावर, जागलीसारखं, टिकून बसणं तेवढं घसरत नाही. बहुतेक म्हाताऱ्यांचं डोकं सकाळीच चांगलं चालते, तेव्हा बँकेची कामं दुपारवर ढकलू नये.

पण रोजच्या वावराची वाट चुकणं, घरच्यांना न ओळखणं हे 'वयच झालं' म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. कधी बी-१२ कमी निघते, कधी थायरॉइड, कधी झोपेची गोळी नडते. आणि नुसता गोंधळ असेल तर आधी कान पाहा, ऐकूच नीट येत नसलं की अर्धं लक्ष शब्द पकडण्यातच जाते, कितीदा तर कानात नुसता मळ साचलेला असते.