नाशिक : तापमानाचे उच्चांक व नीचांक

नाशिकची हवा सौम्य समजली जाते आणि वर्षातले बहुतेक महिने ती तशी असतेही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा यांमुळे दिवसाचा उकाडा सूर्य कलला की उतरू लागतो. ब्रिटिशांनी देवळालीला छावणी वसवली, पुढे तिथे हवापालटासाठी सॅनिटोरियमे उभी राहिली, ती याच हवेच्या भरवशावर. या सौम्य शहराच्या नावावर ७ जानेवारी १९४५ रोजी किमान तापमान ०.६ अंश सेल्सिअस अशी नोंद आहे. त्या काळी तापमान फॅरनहाइटमध्ये मोजत. त्या मापात हे सुमारे ३३ अंश, म्हणजे पाणी गोठायला जेमतेम एक अंश उरलेला. कमाल तापमानासाठी १२ मे १९६० ची ४२.४ अंशांची नोंद दिली जाते. २०१९ च्या एप्रिलअखेरच्या उष्णतेच्या लाटेतही पारा ४२ च्या पुढे गेला होता.

मुंबईत सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले. म्हणजे उन्हाच्या टोकाला नाशिक आणि मुंबई जवळपास सारख्याच. सांताक्रूझचा नीचांक मात्र ७.४ अंश (२२ जानेवारी १९६२) आहे, नाशिकपेक्षा जवळपास सात अंश वर. पुण्याचा १७ जानेवारी १९३५ चा १.७ अंशांचा नीचांकही नाशिकच्या वरच राहतो. नाशिकचे वेगळेपण थंडीकडच्या टोकाला आहे, आणि हे टिपणही मुख्यतः तिथेच रेंगाळते.

थंडीची लाट बाहेरून येते, पण तिला नीचांकापर्यंत नेते ते इथले आकाश आणि इथली जमीन. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात ढग-पाऊस आणणारी हवेची प्रणाली) पुढे सरकला की त्याच्या मागोमाग कोरडे, गार उत्तरेचे वारे राजस्थान-गुजरातमार्गे महाराष्ट्रात शिरतात. नाशिक जिल्हा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात असल्याने ते इथे लवकर पोहोचतात. मग आभाळ निरभ्र झाले, हवेतली आर्द्रता घटली आणि रात्री वारा पडला, की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता बिनअडथळा वर सोडून देते. जमिनीलगतची हवा आधी गार होते, जड होऊन उतारावरून सखल भागाकडे वाहते आणि नदीकाठी साचून राहते. पहाटे सूर्योदयाच्या सुमारास ती सर्वांत गार असते. ढगाळ रात्री हे घडत नाही. म्हणून हिवाळ्यात आभाळ भरून आले की किमान तापमान चढते आणि लोक म्हणतात, ‘थंडी पळाली’.

याच कारणाने जिल्ह्यातले सर्वांत कमी आकडे हल्ली शहरातून येत नाहीत, निफाडमधून येतात. निफाड तालुका गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यात, सखल आणि बागायती. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात २०१८ च्या डिसेंबरअखेर १.८ अंश तापमान नोंदले गेले आणि द्राक्षबागांत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आल्या. पारा शून्याच्या वर असताना दव कसे गोठले, हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो. त्याच क्षणी उघड्यावरच्या गवताच्या पात्याचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते. पेटीत दीड-दोन अंश असताना पानावर बर्फाची साय धरते ती यामुळे.

द्राक्ष उत्पादकाला हा आकडा बातमी म्हणून वाचण्याची चैन नसते. ऐन मणी फुगण्याच्या काळात कडाक्याची थंडी पडली की वेलीच्या मुळांचे काम मंदावते, फुगवण थांबते, पक्व होत आलेले मणी तडकतात. दिवस उबदार आणि रात्र गारठलेली असली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. बागाईतदार तिला ‘पिंक बेरी’ म्हणतात आणि निर्यातीच्या मालात ती चालत नाही. म्हणून घडांना कागद गुंडाळतात, एकेका घडाला हाताने. पहाटे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडतात, कारण भूगर्भातले पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. बांधावर शेकोट्या करून धूर धरतात. रात्रभर जागून केलेले हे काम तापमानाच्या तक्त्यात कुठेच उमटत नाही, पण नाशिकच्या नीचांकांचा इतिहास लिहायचा तर त्याला यात जागा हवीच.

उन्हाळ्याचे टोक एप्रिल-मे महिन्यांत येते, जूनमध्ये ढग आले की उतरते. उंचीमुळे शहर बचावते. जिल्ह्यातच पूर्वेला, गिरणा खोऱ्यात, मालेगाव कितीतरी अधिक तापते. हवामान विभागाच्या निकषाने मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झाले की उष्णतेची लाट म्हणतात. थंडीच्या लाटेसाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असावे लागते. किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली आले, तर सरासरी न पाहताही लाट धरतात.

नाशिकच्या आकड्यांची तुलना करताना केंद्र कोणते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शहर, ओझर आणि निफाड यांचे पहाटेचे आकडे एकाच दिवशी वेगळे असतात आणि बातम्यांत ते सर्रास ‘नाशिक’ या एकाच नावाखाली येतात. शिवाय १९४५ चे नाशिक हे वाडे, मळे आणि मोकळ्या माळांचे लहान गाव होते. आज सिडको-सातपूरपासून पंचवटीपर्यंत पसरलेले काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहते, त्यामुळे शहराचे किमान तापमान पूर्वीइतके सहज खाली जात नाही. ०.६ हा आकडा शहरात पुन्हा दिसला नाही, म्हणून थंडीच संपली असा अर्थ काढणे चूक आहे. त्यासाठी कुंदेवाडीची नोंदवही पाहावी.