घराच्या पट्ट्यापलीकडे: मुंबईतल्या पाड्यांनी ‘नमुना क’ कसा भरायचा

आरेच्या पाड्यांवर वनहक्काचा विषय निघाला की बोलणं घरावर येऊन थांबतं. घर राहणार का, पट्टा कुणाच्या नावावर होणार, मुलाचं नाव घालायचं राहिलं तर काय. जागेसाठी आयुष्य घालवणाऱ्या शहरात दुसरं काय सुचणार! पण २००६ च्या वनहक्क कायद्यात घराइतकाच मोठा आणखी एक हक्क आहे. पाड्याने जे जंगल पिढ्यान्‌पिढ्या राखलं, ते यापुढेही राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा. याला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क म्हणतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना तो २००९ मध्ये मिळाला.

अर्ज तीन प्रकारचे असतात. घर आणि शेतीसाठी नमुना अ, पाणी, चराई, वनोपज अशा सामूहिक वापरासाठी नमुना ब, आणि जंगल राखण्यासाठी नमुना क. अ भरला म्हणून क भरता येत नाही, असं काही नाही. फी कशालाच नाही. फॉर्मचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पात्रतेचं गणित सोपं आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून त्या जंगलात किंवा त्याच्या आधाराने राहणाऱ्या अनुसूचित जमाती यात येतात. आपल्याकडे त्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, कातकरी आले. जमातीचे नसाल तर त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. नमुना क मध्ये मात्र पाड्यातला प्रत्येक माणूस जमातीचाच हवा, अशी अट नाही. सभासदांच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘अनुसूचित जमाती’ किंवा ‘इतर पारंपरिक वननिवासी’ लिहायचं, आणि त्यातले काही जण असले तरी दावा करता येतो. जातीचा दाखला नसेल तर ते काम आधी हातात घ्या. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रातला रहिवास ६ सप्टेंबर १९५० पासूनचा पाहतात. आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच अर्धा पावसाळा जातो.

आता जमीन. हा कायदा फक्त वनजमिनीला लागू होतो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य त्यात येतात, त्यामुळे बोरिवलीच्या उद्यानातल्या पाड्यांना ही शंका नको. आरेचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत झाली तेव्हा मोठी जागा दुग्धविकास खात्याकडे गेली. २०२० नंतर सुमारे ८१२ एकर राखीव वन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. म्हणून आपण मागतोय तो तुकडा नक्की कशात मोडतो, हे मालमत्ता पत्रक काढून आधी बघा. राखीव वन घोषित करताना वन जमाबंदी अधिकारी हरकती मागवतो, ती प्रक्रिया १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालची आहे. तिथे दिलेला अर्ज म्हणजे वनहक्काचा दावा नव्हे. हा घोळ मी दोनदा पाहिलाय, आणि दोन्ही वेळा लोक पोचपावती जपून ठेवून निर्धास्त बसले होते.

मुंबईत खरी अडचण ग्रामसभेची येते, कारण इथे ग्रामपंचायतच नाही. कायद्यातली ‘गाव’ची व्याख्या मात्र रुंद आहे. वनगावं, जुन्या वस्त्या, सर्वेक्षण न झालेली गावं, मग ती गाव म्हणून अधिसूचित असोत वा नसोत, सगळी तीत येतात. याच व्याख्येचा हवाला देऊन पाड्याची सभा भरवण्याचं लेखी पत्र उपविभागीय अधिकाऱ्याला द्या, प्रत वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे. सभेत निम्मे प्रौढ सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. सभा संध्याकाळी ठेवा. सकाळी बायका कामाला गेलेल्या असतात, गणपूर्ती होत नाही. ही सभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात दोन तृतीयांश जमातीचे आणि एक तृतीयांश तरी महिला.

पुराव्यापाशी आलं की सगळे प्लास्टिकची पिशवी उघडतात. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, लाईटबिल. ते घराच्या दाव्याला ठीक. नमुना क ला लागतो जंगलाचा पुरावा, आणि तो पिशवीत नसतो. एका पाड्यावर मी आजीला विचारलं, तुमचं जंगल कुठवर? ती उठून चालायलाच लागली. ओढा ओलांडला, वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी चप्पल काढली, मग एका उंबराला हात लावून म्हणाली, “इथवर आमचं. पल्याड त्यांचं. शेवळं मात्र दोघं काढतो.” शेवळं म्हणजे पावसाळ्यातली रानभाजी. दावा तिथेच अर्धा झाला होता. या कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये हेच मागितलंय: देवस्थानं, पवित्र झाडं, पाण्याच्या जागा, विहिरी, स्मशानं, कंदमुळं, रानभाज्या आणि औषधी पाला गोळा करायच्या जागा, मासे धरायच्या जागा. दरवर्षी वाघबारस, म्हणजे वाघोबाची पूजा, कुठे होते, ती जागा लिहा. पहिल्या पावसात शेवळं कुठे उगवतात आणि त्यात घालायची काकडं कुठल्या झाडाची, तेही लिहा. दावेदार नसलेल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो. वंशावळ, जुने नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचे आराखडे) हेही चालतं. किमान दोन प्रकारचे पुरावे जोडा. अमुकच कागद आणा, असा हट्ट कुणाला धरता येत नाही.

आजीचं ते शेवळांचं वाक्य अर्जात जसंच्या तसं बसतं. नमुना क मध्ये शेजारच्या गावांची नावं आणि त्यांच्याशी साधनं व जबाबदाऱ्या कशा वाटून घेतल्या आहेत, याचा रकाना आहे. तो कोरा सोडला की नंतर भांडणं होतात. बाकी रकाने सभासदांची यादी, सीमा दाखवणारा नकाशा, माहीत असल्यास वनखात्याचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या भागाचा नंबर) आणि पुराव्यांची यादी असे आहेत. नकाशा हाताने काढलेला चालतो, पण चतुःसीमा ओढा, टेकडी, पायवाट अशा न हलणाऱ्या खुणांनी सांगा.

अर्ज समितीकडे द्यायचा आणि लेखी पोच घ्यायची. मग वन आणि महसूल विभागाला कळवून स्थळपाहणी होते. आलेल्या अधिकाऱ्यांनी पाहणीच्या कागदावर शेरा आणि सही केलीच पाहिजे. सहीशिवाय त्यांना जाऊ देऊ नका. सभेचा ठराव झाला की दावा उपविभागीय स्तरीय समितीकडे जातो, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. दोन पुरावे आणि सभेची शिफारस असलेला दावा नाकारायचा तर कारणं लेखीच द्यावी लागतात, आणि केवळ उपग्रह चित्रात दिसत नाही म्हणून इतर पुरावा बाजूला सारता येत नाही. निकालावर हरकत असेल तर वरच्या समितीकडे ६० दिवसांत अर्ज. पाकीट हातात पडलं त्या दिवसाची तारीख त्याच्यावरच पेनने लिहून ठेवा.

हक्क मिळाल्यावर सभेने आपल्यातूनच वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखणारी समिती नेमायची; तिने व्यवस्थापनाचा आराखडा करायचा. वणवा, कचरा, झाडतोड, रात्रीच्या पार्ट्या, जनावरांना त्रास होईल असं काहीही थांबवायचा अधिकार कलम ५ देतं. शिकारीची मुभा या कायद्यात कुठेच नाही, आणि बिबट्याला देव मानणाऱ्याला ती नकोही असते.

दावा प्रलंबित असताना नोटीस आली तर कलम ४ (५) दाखवा: पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासी जमातीच्या किंवा इतर पारंपरिक वननिवासी माणसाला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. त्यासाठी दाव्याची पोच हातात लागते, म्हणून तिची एक प्रत घरात आणि एक पाड्याबाहेरच्या भरवशाच्या माणसाकडे.