'खालसा' या शब्दामागचा इतिहास

'डलहौसीने संस्थाने खालसा केली' हे वाक्य वर्गात वाचले की नागपूरच्या मुलांना आधी शिखांचा 'खालसा' आठवतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, अरबी 'खालिस', म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेले. आपला 'निखालस'ही त्याच घरातला. ज्या जमिनीवर मध्ये जहागीरदार नाही, सारा थेट सरकारात जमा होतो, ती मोगल आणि मराठा अमलात खालसा जमीन. राज्येच घशात घालायची वेळ आली तेव्हा सरकारी दप्तरात हा शब्द तयारच होता. वहीत मात्र मुले 'खालसा करणे : ताब्यात घेणे' एवढेच उतरवून घेतात.

नागपूरला हा शब्द घरचा आहे. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतला नव्हता. मागाहून घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य गेले. त्यामागच्या धोरणाला मराठी माध्यमात 'दत्तक वारसा नामंजूर' म्हणतात, तर शेजारच्या हिंदी माध्यमात 'हड़प नीति' किंवा 'व्यपगत का सिद्धांत'. 'हड़प' म्हटले की पोराला डाव कळतो. 'व्यपगत' पाठ करावा लागतो.

रुळलेल्या आणि संस्कृतातून घडवलेल्या शब्दांमधली अशी रस्सीखेच जुनीच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. पेशव्याचाही मुख्य प्रधान झाला, पण लोकांच्या तोंडी तो पेशवाच राहिला! नागपूरकर भोसल्यांचा किताबही तसाच सरमिसळीचा, 'सेनासाहेबसुभा'. 'सेना' संस्कृत, 'साहेब' आणि 'सुभा' अरबी-फारसी वाटेने आलेले. नागपूरच्या महाल भागातल्या मुलांना हा एक शब्द फोडून दाखवला तरी अर्धा तास सहज जातो.

पुढे १९४० च्या दशकात कोशकार डॉ. रघुवीर यांनी याच शहरात बसून संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होते, कारभार मराठी-हिंदीत आणायचा होता, त्यामुळे शब्दांची गरज खरी होती. त्या पद्धतीचे जड शब्द अजून शाळेत भेटतात. माझ्या मते फारसी शब्द मुलांना तितका परका वाटत नाही. 'सनद', 'फौज', 'खजिना' कानावर पडलेले असतात. 'तैनाती फौज' (संस्थानिकांच्या खर्चाने त्यांच्याकडे ठेवलेली इंग्रजांची फौज) शिकवताना अडते ते 'तैनाती'पाशी, आणि तेही पोलिसांची तैनाती आठवून दिली की सुटते.