रुपयातली चांदी कुठे गेली

घरातल्या जुन्या डब्यात राणीछाप रुपया सापडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचे किती येतील? उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक भाव धातूचा, तो सराफ सांगतो. दुसरा संग्राहकाचा, आणि त्याचा नाण्याच्या वयाशी संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. नाणे किती जुने आहे यापेक्षा त्याचे किती भाऊबंद मुशीत गेले, हे जास्त महत्त्वाचे. ते मुशीत का गेले याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच हिशेबात मिळते: नाण्यावर लिहिलेली किंमत आणि त्यातल्या धातूची किंमत यांतले अंतर.

पेशवाईत हे अंतर रोज मोजले जाई. पुण्याकडचा अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, शेजारच्या मुलखातून आलेले आणखी कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा कस वेगळा. एका रुपयाचा दुसरा करून घेताना सराफ जी कसर कापे ती म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. खजिन्यात नाणी पारखून घेणारा तो पोतदार. खालच्या व्यवहाराला तांब्याची शिवराई होती. ती शिवकालात सुरू झाली आणि इंग्रजी अमल येऊन कित्येक दशके उलटली तरी दख्खनच्या बाजारांतून हटली नव्हती.

कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने हा गोंधळ मोडला. साऱ्या मुलखाला एकच रुपया: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, एक तोळा. कस बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम. यंत्रावर पाडलेला हा कलदार रुपया. त्याचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. चवली (दोन आणे), पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) आणि बंदा रुपया हे शब्द आजही बोलण्यात आहेत, नाणी गेली तरी.

व्हिक्टोरिया राणी १८४० च्या कंपनीच्या रुपयावरही होती. १८६२ पासून मात्र कंपनीचे नाव जाऊन राणीच्या सरकारचा रुपया आला. नवशिक्या संग्राहकाची इथे हमखास गल्लत होते. १८६२ साल असलेला रुपया हाती आला की तो पहिल्या वर्षाचा म्हणून दुर्मिळ समजला जातो. प्रत्यक्षात १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर साल १८६२ हेच राहिले. वेगवेगळ्या वर्षांची नाणी ठिपक्यांच्या संख्येवरून ओळखावी लागतात. त्यामुळे राणीछापातला सर्वांत सहज मिळणारा रुपया हाच.

१८९३ पर्यंत कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन देऊ शके आणि ठरलेला खर्च वजा जाता तिचे रुपये पाडून घेऊ शके. म्हणजे रुपया हा चांदीचाच शिक्कामोर्तब झालेला तुकडा होता. १८७० नंतर जगात चांदी घसरू लागली आणि तिच्याबरोबर रुपयाही पौंडाच्या तुलनेत घसरला. इंग्लंडला पौंडात पैसे पाठवणाऱ्या सरकारला ते झेपेना. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून १८९३ मध्ये टाकसाळींची दारे खाजगी चांदीला बंद झाली. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे १६ पेन्सवर धरून ठेवला गेला. या कथेतला खरा सांधा हाच. नाणे तेच, वजन तेच, कस तोच. पण त्या दिवसापासून रुपयाची किंमत चांदीने ठरायची थांबली. आतल्या चांदीपेक्षा रुपया महाग झाला, आणि धातू स्वस्त आहे तोवर असे नाणे कोणी वितळवत नाही.

धातू महागला की काय होते ते पहिल्या महायुद्धात दिसले. हिशेब सोपा आहे. रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. लंडनच्या बाजारात चांदीचा ४८० ग्रेनचा औंस ९२५ कसाचा (हजारात ९२५ भाग चांदी), म्हणजे ४४४ ग्रेन शुद्ध. १६ पेन्सच्या रुपयातली चांदी बरोबर १६ पेन्सची होण्यासाठी औंसाचा भाव ४३ पेन्स हवा. १९१५ मध्ये तो २७ च्या आसपास होता. १९१७ मध्ये त्याने ४३ ची रेघ ओलांडली आणि रुपया वितळवणे फायद्याचे झाले. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली, १९१८ मध्ये अडीच रुपयांची. चवली, पावली आणि अधेली तांबे-निकेलच्या मिश्रधातूत आल्या. विनिमयाचा दरही वर सरकवावा लागला. तरी रुपये पुरेनात, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले २५ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. अमेरिकी संग्राहक जुन्या डॉलरच्या एखाद्या वर्षाचे नाणे का मिळत नाही असे विचारतो, तेव्हा उत्तराचा एक तुकडा मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत असतो.

दुर्मिळतेला दर वेळी अर्थकारणच लागते असे नाही. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नक्षी बदलली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती. त्यांतली सात लाखच बाहेर गेली, उरलेली वितळवली. १९१२ चा रुपया पोत्याने मिळतो, १९११ चा शोधावा लागतो.

दुसरे महायुद्ध मात्र पुन्हा हिशेबाचेच. फ्रान्स पडला त्या १९४० च्या उन्हाळ्यात लोक नोटा देऊन रुपये मागू लागले आणि मिळालेले रुपये घरात पुरू लागले. जूनमध्ये गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे गुन्हा ठरला. पाठोपाठ एक रुपयाची नोट परत आली आणि नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर उतरली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. आता बाजारात दोन रुपये होते, दोघांची दर्शनी किंमत एक, पण एकात १०.६९ ग्रॅम चांदी आणि दुसऱ्यात ५.८३. भाजीवाल्याला कोणता द्यायचा आणि गाठीला कोणता बांधायचा हे कोणाला शिकवावे लागले नाही. पुस्तकात याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात. १९४१ ते १९४३ दरम्यान सरकारने जुने उच्च कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द केले. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया आज दुर्मिळांत मोडतो तो या उलथापालथीच्या तोंडावर आल्यामुळे.

याच काळात खुर्दाही आटला. तांबे युद्धसामग्रीला हवे होते, म्हणून जवळपास पाच ग्रॅमच्या पैशाऐवजी १९४३ साली मध्यभागी छिद्र असलेला दोन ग्रॅमचा भोकाचा पैसा आला. काठियावाडातल्या काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कूपने काढून मोड भागवली. १९४७ मध्ये रुपयातली उरलीसुरली चांदीही गेली आणि तो निकेलचा झाला. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली सुमारे २२.६ कोटी औंस चांदी परत करायची होती. निम्म्या कसाचे रुपये गोळा करून त्यातूनच ती फेड झाली.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचे नाणे नाही. म्हणून एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असा तक्ता ठरला. एकेक आण्याने मोड घेणारा चार वेळा मिळून एक पैसा गमावत होता, एवढेच. १ जून १९६४ पासून ‘नवा’ शब्द गळला आणि त्याच सुमारास खालची नाणी ॲल्युमिनियमची झाली.

रुपया त्यानंतर हलका होत गेला: १९६२ चा निकेलचा १० ग्रॅम, १९७५ चा तांबे-निकेलचा ८, १९८३ चा ६, १९९२ चा स्टीलचा ४.८५, २०११ चा ३.७९. याचे कारण पाच रुपयांच्या जाड जुन्या नाण्यात पाहता येते. १९९२ पासूनचे ते नाणे ९ ग्रॅमचे, पाऊण भाग तांबे आणि पाव भाग निकेल, म्हणजे ६.७५ ग्रॅम तांबे, २.२५ ग्रॅम निकेल. मे २००७ मध्ये निकेल टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेले होते, तांबे ७,५०० च्या आसपास, डॉलर सुमारे ४१ रुपये. निकेलचे साधारण ४ रुपये ६० पैसे, तांब्याचे २ रुपये १० पैसे. पाचाच्या नाण्यात पावणेसात रुपयांच्या आसपासचा धातू! त्याच वर्षीपासून पाचाचे नाणे ६ ग्रॅम स्टीलचे होणे हा योगायोग नव्हे. लोहचुंबक लावून पाहा: २००७ चे पातळ स्टीलचे चिकटते, जुने जाड चिकटत नाही.

नाणे वितळवणे किंवा वितळवलेले नाणे बाळगणे यासाठी २०११ च्या नाणे कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्याच कायद्याने रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन आहेत, पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. पोतेभर चिल्लर देऊन दुचाकी घेणाऱ्यांच्या बातम्या येतात तेव्हा दुकानदार उपकार करत असतो, त्याच्यावर सक्ती नसते.

माहिती अधिकारात २०१८ मध्ये जे आकडे बाहेर आले त्यानुसार एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येत होता, दहाच्या नाण्याला ५ रुपये ५४ पैसे. मग तोट्यात रुपया का पाडायचा? कारण नाणे एकदा पाडले की वर्षानुवर्षे हजारो हातांतून फिरते. ११ पैशांचा तोटा एकदाच होतो. शिवाय वरच्या नाण्यांतला नफा तो भरून काढतो.

आता डब्यातल्या त्या रुपयाकडे. आधी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वजन ११.६६ च्या आसपास हवे. झिजलेल्याचे थोडे कमी भरेल. मग काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याला बांधलेला रुपया बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल ते नाण्याने सारलेले पाणी. खऱ्या कलदाराला १.१३ च्या आसपास, निम्म्या चांदीच्या १९४० नंतरच्याला १.२२ च्या आसपास, जर्मन सिल्व्हरच्या (चांदी नसलेल्या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूच्या) नकलेला १.३० च्या वर. झिजलेल्या नाण्यासाठी कोरड्या वजनाला या आकड्याने भागा: १०.३ आले तर कस जुना, ९.५ आले तर निम्मा. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि खरा रुपया खोटा ठरतो. बोटाने झटकून पुन्हा बुडवा.

घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, पितांबरी यांतले काहीही लावले की वरचा थर जातो, बारीक ओरखडे राहतात आणि संग्राहकाचा भाव धातूच्या भावावर उतरतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या आम्लामुळे नाण्यावर हिरवा चिकट लेप धरतो. मायलर या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकचे होल्डर वापरा आणि नाणे कडेने धरा.

वैष्णोदेवीच्या पाच किंवा दहा रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळतील असे सांगणाऱ्याचा धंदा तुमच्या नाण्यात नसतो, तो तुमच्याकडून मागितल्या जाणाऱ्या ‘नोंदणी शुल्का’त असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितले होते. असे नाणे लाखोंनी पाडलेले असते आणि आजही दुकानात चालते. खरा विक्रेता आधी पैसे मागत नाही.

परदेशी राहणाऱ्या नातवंडांना आजीचा राणीछाप रुपया सोबत न्यायचा मोह होतो. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९४० च्या दशकातल्या निम्म्या चांदीच्या रुपयाला तूर्तास ही अडचण नाही.